वाडा देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना: बालगृहाच्या वास्तूबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
आपला जुना वाडा किंवा बंगला बालगृहासाठी देऊ इच्छिणारी कुटुंबं आणि तो स्वीकारायला निघालेली विश्वस्त मंडळं

स. न. वि. वि.

पुढची पिढी शहरात किंवा परदेशात, गावातल्या वाड्याला कुलूप, आणि पावसाळ्याआधी शाकारणी करायला माणूस मिळत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, "पडून राहण्यापेक्षा अनाथ मुलांसाठी देऊन टाकू." हेतूबद्दल शंका नाही. पण वास्तू मिळाली म्हणजे बालगृहाचं निम्मं काम झालं, असा समज देणाऱ्याचाही असतो आणि घेणाऱ्याचाही. आमच्या मते काम तिथे सुरूसुद्धा झालेलं नसतं. काही वास्तूंच्या बाबतीत तर ते तिथेच अडतं.

एका हवेलीचा इतिहास आधी पाहू. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या वुल्टन उपनगरातलं 'स्ट्रॉबेरी फील्ड' हे नाव बहुतेकांना बीटल्स या गायक-वादकांच्या चमूच्या गाण्यामुळे ठाऊक असतं. बीटल्सपैकी जॉन लेनन ज्या मावशीकडे वाढला तिचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं, आणि तिथल्या उन्हाळी जत्रेला तो जायचा. गाणं 1967 मध्ये आलं. तोवर ती वास्तू शंभरीला टेकली होती आणि तिथे तीस वर्षं मुलं राहत होती.

1870च्या सुमारास जॉर्ज वॉरन या जहाजमालकासाठी बीकन्सफील्ड रोडवर गॉथिक धाटणीची ही हवेली उभी राहिली. 1891च्या नकाशात नाव अनेकवचनी ('फील्ड्स') आहे, 1905च्या नकाशात एकवचनी ('फील्ड'). गाण्यानं पुन्हा अनेकवचन केलं, फाटकावर मात्र एकवचनच राहिलं. 1912 मध्ये ती अलेक्झांडर मिचेल या व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या पत्नीनं, मेरीनं, 1934 मध्ये ती सॅल्व्हेशन आर्मीला विकली, आणि 7 जुलै 1936 रोजी तिथे सुमारे चाळीस मुलींसाठी बालगृह सुरू झालं. खरेदी आणि उद्घाटन यांच्यात दोन वर्षं गेली, हे आत्ताच लक्षात ठेवा. आपल्याकडे बक्षीसपत्राच्या दिवशीच उद्घाटनाची तारीख ठरते.

सॅल्व्हेशन आर्मी म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज. तिचं भारतातलं काम सप्टेंबर 1882 मध्ये मुंबईत सुरू झालं. स्ट्रॉबेरी फील्डच्या उद्घाटनाला हजर असलेल्या, तिच्या तेव्हाच्या प्रमुख जनरल इव्हँजेलिन बूथ यांचंच नाव अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) बूथ हॉस्पिटलला आहे. तेव्हा ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही.

त्या काळात इंग्लंडमध्ये मोठ्या हवेल्या संस्थांच्या हाती जाण्याचं कारण साधं होतं. पहिल्या महायुद्धानंतर वारसाकर वाढले, घरकामाला माणसं मिळेनात, आणि वीस-पंचवीस खोल्यांचं घर चालवणं कुटुंबांना परवडेना. म्हणजे ज्या वास्तू मालकांना जड झाल्या, त्याच मुलांच्या वाट्याला आल्या. आपल्या वाड्यांचं नेमकं हेच चाललं आहे. श्रीमंत कुटुंबाला जे छप्पर सांभाळता आलं नाही, ते वर्गणीवर चालणारी संस्था कशी सांभाळणार, हा प्रश्न देणाऱ्यानं स्वतःला विचारायला हवा. घेणाऱ्यानं तर नक्कीच.

अशी हवेली एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी बांधलेली असते. खोलीखोलीत शेगडी, तिला कोळसा वाहून नेणारा गडी, स्वयंपाकघर तळाला किंवा मागे, आणि उंच छतांच्या, मुद्दाम मोठ्या केलेल्या खोल्या. मुलांचं घर झालं की गडी जातात आणि शेगड्या उरतात. मोठ्या खोल्यांमध्ये खाटांच्या रांगा लागतात, कारण दुसरं काही करायला पैसे नसतात. गॉथिक छपराचा ताप आणखी वेगळा. त्याला अनेक त्रिकोणी पाखी, आणि दर दोन पाख्यांच्या मधे शिशाच्या पत्र्याची पन्हळ. पानगळीत पन्हळ तुंबते, पाणी पत्र्याच्या कडेवरून आत उतरतं आणि थेट भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाशी जातं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. बाहेरून सारं ठीक दिसतं, कारण कुजतं ते भिंतीच्या आत. बादली ठेवण्याइतकी गळती दिसेपर्यंत चार तुळया गेलेल्या असतात.

1960चं दशक संपेपर्यंत स्ट्रॉबेरी फील्डच्या हवेलीत रचनेचे दोष आले होते. 1973 मध्ये ती पाडली. बालगृह म्हणून ती 37 वर्षं टिकली.

आमच्या दृष्टीनं पाडण्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते त्या जागी काय बांधलं, ते. नवी बांधकामं मुलांसाठीच आखलेली होती: तीन कुटुंबगट, प्रत्येकात जास्तीत जास्त 12 मुलं. आधी 40, नंतर 36. मुलांची संख्या जवळपास तीच राहिली, पण एका घराची तीन घरं झाली.

बारा हा आकडा योगायोगानं आलेला नसावा. 1945 मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतावर पालक कुटुंबाकडे (परक्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबाकडे) ठेवलेला डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाणीनं आणि उपासमारीनं मेला, आणि इंग्लंड हादरलं. घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या चौकशीसाठी कर्टिस समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1946 मध्ये आला आणि त्यातून 1948चा बालक कायदा झाला. मूल पालक कुटुंबात दगावलं होतं, तरीही समितीनं मोठ्या संस्थांची बाजू घेतली नाही. चांगली देखरेख असलेलं कुटुंब पहिलं, आणि ते न जमल्यास छोटं घर. त्या घरात मुलं शक्यतो आठ, फार तर बारा.

खरं तर हा धडा त्याच्याही सत्तर वर्षं आधी शिकून झाला होता. लंडनमध्ये निराधार मुलांसाठी काम करणारे डॉ. बर्नार्डो यांना 1873 मध्ये लग्नाची भेट म्हणून लंडनजवळ बार्किंगसाइड इथलं मॉसफर्ड लॉज हे घर भाडेपट्ट्यानं मिळालं. त्यांनी तिथल्या बग्गीखान्यात साठेक मुली ठेवल्या. तीन वर्षांत त्यांना कळून चुकलं की एका छपराखाली एवढ्या मुली म्हणजे पलटणीची बराक होते, घर होत नाही. 1876 मध्ये त्याच आवारात छोट्या छोट्या घरांचं मुलींचं गाव सुरू झालं. हे ठाऊक असूनही 1936 मध्ये चाळीस मुली पुन्हा एका हवेलीत गेल्या. वास्तू हाताशी असली की माणसं शहाणपण विसरतात!

पुढचं थोडक्यात. स्ट्रॉबेरी फील्डचं बालगृह जानेवारी 2005 मध्ये बंद झालं. सप्टेंबर 2019 मध्ये ती जागा लोकांसाठी खुली झाली. आता तिथे प्रदर्शन आहे, आणि शिकण्यात अडचणी असलेल्या तरुणांना नोकरीसाठी तयार करण्याचं काम चालतं. हवेली केव्हाच गेली, पण लाल लोखंडी फाटक इतकं प्रसिद्ध झालं की मे 2000 मध्ये ते चोरीला गेलं आणि भंगारवाल्याकडून परत मिळालं. 2011 मध्ये जागेवर हुबेहूब नक्कल बसवली.

आता आपल्याकडे येऊ.

बाल न्याय कायदा 2015 आणि त्याखालचे 2016चे आदर्श नियम यांत पन्नास मुलांच्या संस्थेला काय लागतं याची मापं दिलेली आहेत. 25 मुलांच्या शयनगृहाला 1000 चौरस फूट, म्हणजे मुलामागे 40. आजारी मुलांच्या खोलीत दहा जणांसाठी प्रत्येकी 75. स्वयंपाकघर 250, जेवणघर 800, कोठीघर 250. न्हाणीघरं पाच, शौचालयं आठ. टेप घेऊन ही मापं वाड्याला लावून पाहा. पाच खणांची माडी (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण), खण साडेपाच फुटांचा धरला तर लांबी साडेसत्तावीस फूट, रुंदी 10. झाले 275 चौरस फूट. नियमानं तिथे सहा मुलं राहू शकतात. देणारं कुटुंब सांगतं, "लग्नात इथे चाळीस पाहुणे झोपायचे." झोपले असतील, पण दोन रात्री.

खालून वर जाऊ या. प्रत्येक खांबाचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, दिसतोय का, ते आधी बघा. अनेक वाड्यांत मधल्या काळात शहाबादी फरशी किंवा टाइल घालताना जमीन चार-सहा इंच वर आली, तळखडा गाडला गेला आणि खांबाचं लाकूड थेट ओल्या भरावात आलं. वरून खांब सागवानी, गुळगुळीत. खाली दाभण टोचलं तर मुठीपर्यंत जातं. खांबाभोवतीची दीड फूट फरशी उखडल्याशिवाय हे कळत नाही. कुटुंबानं त्याला नकार दिला तर पाहणी तिथेच थांबवावी, असं आमचं मत आहे. दुरुस्ती अवघड नाही. दोन्ही बाजूंना टेकू देऊन तुळई जॅकवर उचलायची, खांबाचा कुजका भाग कापून त्या जागी दगडाचा उंच तळखडा किंवा सांधून नवं सागवान बसवायचं. पण एकेका खांबाचं काम पूर्ण करूनच पुढचा खांब घ्यायचा. घाईत तीन खांब एकदम मोकळे केले की माडी कलते.

मग तुळया. भिंतीतलं टोक तपासण्यासाठी भोवतीचा फूटभर गिलावा काढा, हातोडीनं ठोका आणि बारीक गिरमिटानं भोक पाडून भुसा बघा. भुसा काळपट, ओलसर आणि पिठासारखा आला तर टोक गेलं. नवं टोक बसवताना लाकडाभोवती बोटभर हवा खेळती ठेवा आणि सिमेंटनं चिणू नका. सिमेंटचा गिलावा हा वाड्यांचा मोठा शत्रू आहे. माती किंवा चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते; वर सिमेंट चढवलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती लाकडाकडे वळते. वाळवीला याहून चांगलं आमंत्रण नाही. गिलावा चुन्याचाच करा: निदान तीन आठवडे भिजवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, मिळाल्यास थोडी सुरखी (विटेची पूड). कंत्राटदार म्हणेल, चुन्याचं काम करणारे आता कुठे मिळतात? मिळतात. वेळ लागतो.

कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या घातलेल्या, मजल्याचं गणित बहुतेक वेळा कुणी मांडतच नाही. पाटावर सहा इंच मातीचा भराव असेल तर तोच चौरस मीटरला सुमारे 250 किलो होतो. निवासी मजल्यानं त्यावर आणखी 200 किलोचा वावर पेलावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे कड्यांवर साडेचारशे किलो, आणि त्या कड्या दीडशे वर्षं जुन्या. झोपलेली मुलं प्रश्न करत नाहीत. प्रश्न करतात भिंतीलगत एकावर एक रचलेल्या ट्रंका, लोखंडी कपाटं आणि माडीवर केलेलं कोठीघर. नियमांतला आहार बघा: मुलामागे रोज 600 ग्रॅम धान्य आणि 120 ग्रॅम डाळ. पन्नास मुलांना दिवसाला 30 किलो धान्य आणि 6 किलो डाळ, महिन्याला 900 किलो धान्य. दोन महिन्यांचा साठा कुणी माडीवर चढवला तर कुठल्या रात्री काय होईल, ते सांगता येत नाही. कोठी तळमजल्यावर, जोत्यापेक्षा उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सुटी हवी. उंदरांपासून वाचायलाही तेच बरं.

पाण्याचंही तसंच. वसतिगृहाला माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. पन्नास मुलांचे 6,750 लिटर, दोन दिवसांचा साठा 13,500 लिटर, म्हणजे साडेतेरा टन. ते छपरावर नाही, माडीवर नाही, जुन्या भिंतीच्या आधारानंही नाही. टाकी जमिनीखाली, आणि उंचावरची छोटी टाकी परसात स्वतःच्या पायांवर उभी असलेल्या लोखंडी मनोऱ्यावर. माडीवर शौचालयं हवीच असतील तर वाड्याला खेटून पण वाड्यापासून मोकळा असा वेगळा सांगाडा उभारा आणि मधे दोन इंचांचा सांधा सोडा. जुन्या भिंतीत नळ गाडून वर न्हाणीघर करणं म्हणजे ती भिंत पाच-सात वर्षांत घालवणं. मात्र सगळी शौचालयं परसात टाकली तर रात्री दोन वाजता सहा वर्षांचं मूल अंधार ओलांडून जाणार नाही. ते अंथरुणातच करील आणि सकाळी बोलणी खाईल. परसातल्या वाटेवर छप्पर आणि रात्रभर दिवा हवा.

छपराबद्दल एकच हिशेब सांगतो. चौकी वाड्याचं आतलं सगळं पाणी चौकात येतं. आत उतरणारी पाखी मिळून 200 चौरस मीटर असतील आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर चौकात 10,000 लिटर पाणी पडतं. चौकाची मोरी तुंबलेली असेल तर ते जोत्यावर चढतं आणि ओसरीच्या खांबांच्या पायाशी थांबतं. मोरीला सहा इंची नळ, तोंडावर काढता येणारी जाळी आणि वळणावर चेंबर करा. जाळी मेअखेरीस एकदा आणि जुलैच्या मध्याला पुन्हा साफ करा. दोन पाख्यांमधली पत्र्याची पन्हळ बदलताना पत्रा दोन्हीकडे कौलांखाली वीतभर तरी जायला हवा. त्याहून अरुंद पत्रा वाऱ्याच्या पावसात काहीच कामाचा नाही.

मुलं राहायला येण्याआधी काही गोष्टी व्हायलाच हव्यात. आडावर जाड लोखंडी जाळी, तीही कुलपाची. सज्जाचे आणि जिन्याचे कठडे निदान मीटरभर उंच, गजांमधलं अंतर 10 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. वाड्याचे भिंतीतले जिने अरुंद आणि एकेक पायरी फूटभर उंच असते. ते मोठ्यांसाठी ठेवा किंवा बंद करा. माडीवर मुलं झोपणार असतील तर विरुद्ध टोकांना दोन जिने लागतील, कारण लाकडी घराला आग लागली की धूर एका जिन्यातूनच वर येतो. बाहेरून लागणाऱ्या कड्या आणि अडसर शयनगृहांच्या दारांवरून काढून टाका. जुनी वायरिंग दुरुस्त करत बसू नका, सगळी नवी घाला. अर्थिंग नवं करा आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. जुन्या तैलरंगाच्या थरांमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. नव्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) आली ती नोव्हेंबर 2017 पासून. तेव्हा दारं-खिडक्या कोरड्या घासू नका. ओलं करून खरवडा, पोपडे गोळा करून आवाराबाहेर काढा, आणि ते काम मुलं येण्याआधी संपवा.

पोटमाळा, तळघर, बळद (धान्य साठवायची भिंतीतली पोकळी) आणि जिन्याखालची कोठडी यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वाड्याचे हे कोपरे पाहुण्यांना रम्य वाटतात, पण बालगृहात ते धोक्याचे. मोठ्या मुलांनी लहानांना, किंवा एखाद्या कर्मचाऱ्यानं मुलाला, नजरेआड नेण्याच्या याच जागा. तिथे दिवा लावून भागत नाही. त्या चिणा किंवा कुलूप लावून किल्ली अधीक्षकांकडे ठेवा. समुपदेशनाच्या आणि कार्यालयाच्या दारांना काचेचा झरोका ठेवा. कॅमेरे ओसरीत आणि वाटांवर. शयनगृहात आणि न्हाणीघरात कधीही नाही.

कागदपत्रांत अडते ती मालकी. बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, आणि वाडा एकत्र कुटुंबाचा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनंतर मुलींच्याही. "ताई काही म्हणणार नाही" हा कायदेशीर पुरावा होत नाही. प्रॉपर्टी कार्डावरची नावं आणि हयात वारस यांची यादी समोरासमोर ठेवा. जुने भाडेकरू असतील तर त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, आणि 'मुलं येणार' म्हणून ते जाणार नाहीत. विश्वस्तांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: एकदा न्यासाच्या नावावर झालेली वास्तू विकायची, कुणाला द्यायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. घेणं सोपं आहे, सुटका सोपी नाही. त्यातच बक्षीसपत्रात "कायम बालगृहच चालवावे, वास्तूत फेरबदल करू नये" अशी अट असेल तर विनंती आहे, सही करू नका. जिना रुंद करणं हाही फेरबदलच ठरेल. त्याऐवजी "मुलांच्या संगोपनासाठी, त्या त्या काळाला योग्य अशा प्रकारे" असे शब्द घाला. 1936 मध्ये हवेली, 1973 मध्ये तीन घरं, 2019 मध्ये तरुणांचं प्रशिक्षण: अट आवळलेली असती तर त्या जागेला हा प्रवास जमला नसता.

नोंदणीबद्दल दोन शब्द. बाल न्याय कायद्याच्या कलम 41 खाली नोंदणी नसताना मुलं ठेवणं गुन्हा आहे. कलम 42 मध्ये वर्षभरापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशानं येतात, ओळखीच्या सरपंचाच्या चिठ्ठीवर नाही. उद्घाटनात देणगीदार कुटुंबासोबत मुलांचे फोटो छापणं कलम 74 मध्ये बसत नाही, कारण ते मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. आजोबांच्या तसबिरीचा फोटो छापा, हवा तेवढा मोठा.

आता पैसे. नुसती वास्तू दिली म्हणजे दरवर्षीचा खर्च दिला. शाकारणी, वाळवीचा उपचार, मोरी, रंग आणि वायरिंगची तपासणी यांसाठी वेगळा कायम निधी नसेल तर तो खर्च मुलांच्या ताटातून निघतो, कारण संस्थेकडे दुसरी जागा नसते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली संस्थेतल्या मुलामागे महिन्याला 3,000 रुपये धरलेले आहेत. त्यात कौलं बसत नाहीत. एक हिशेब करून पाहा. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत मूल नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडेच राहावं म्हणून महिन्याला 2,250 रुपये दिले जातात, वर्षाला 27,000. वाड्याच्या डागडुजीवर वर्षाला 10 लाख जात असतील तर तेवढ्यात 37 मुलं आपापल्या घरात राहू शकतात. कायद्याचंही तेच म्हणणं आहे: संस्था हा शेवटचा उपाय. म्हणून देणाऱ्या कुटुंबांना आमचा पहिला सल्ला असतो की वाडा दुकानांना, ग्रंथालयाला किंवा सांस्कृतिक केंद्राला भाड्यानं द्या आणि भाडं मुलांना द्या. नाव तेच राहील आणि मुलं आईच्या, आजीच्या, मावशीच्या घरी राहतील.

तरीही वाडाच द्यायचा असेल, आणि काही गावांत खरंच दुसरी जागा नसते, तर वाड्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे. हवेलीत मोठी दालनं असतात, वाड्यात छोटे खण. दोन चौकांचा वाडा म्हणजे मुळात दोन घरं. प्रत्येक चौकात आठ-दहा मुलं, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघरं आणि तिथेच राहणारी काळजीवाहक, अशी विभागणी भिंती न पाडता होते. पन्नास मुलांचा आग्रह सोडा; सोळा-अठरांवर थांबा. एका चुलीवर पन्नास ताटं स्वस्त पडतात हे खरं, पण तिथे कुणाला कारलं आवडत नाही ते कुणालाच माहीत नसतं.

वेळापत्रक उलटं करा. ज्येष्ठाआधी पाहणी करू नका, कोरड्या वाड्यात सगळंच छान दिसतं. श्रावणात, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर, बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढा. बरोबर रचना अभियंता हवा, जुन्या लाकडाच्या कामातला सुतार हवा आणि बालगृहात प्रत्यक्ष राहून काम केलेली एक बाई हवी. जिथे पाणी दिसेल तिथे खडूनं खूण करा, तारीख घाला आणि दिवाळीनंतर त्याच खुणांपाशी गिलावा उघडा. मग अंदाजपत्रक. त्यात अनपेक्षित कामांसाठी निदान तिसरा हिस्सा जास्तीचा धरा. मग कामाला एक उन्हाळा, तपासायला आणखी एक पावसाळा, आणि त्यानंतर नोंदणीचा अर्ज. दोन वर्षं होतात. ज्यांनी बक्षीसपत्र आधीच केलं आहे त्यांनी निदान तळखडे या आठवड्यात बघून घ्यावेत.

कळावे,
आपले,
जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि बालगृहांचं कामकाज या दोन्ही कामांतले काही जण